डाळ शिजल्याशिवाय इसार नाही

मित्रांनो, हसू नका, पण मी घाबरलोय. नाशिकला इंदिरानगरात पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत एक बैठा बंगला दिसतो ना, तोच मी. बंगला म्हटल्यावर भलतंच काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर मोकळी गच्ची, पुढे तुळशीपुरतं अंगण आणि मागच्या बाजूला धुण्याची मोरी नि बोअर, एवढाच काय तो माझा पसारा. माझ्या डोक्यावर दुसरा मजला कधी चढला नाही, म्हणून लोक मला बैठा म्हणतात. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्राच. वादळ सुटलं की माझी तावदानं थडथडायची. लोकांना वाटायचं, वाऱ्याने वाजतायत. मी म्हणायचो, वाटू दे.

पण आजची भीती वेगळी आहे. ती कशी आली ते तुम्हाला सांगतो. मोठी माणसं घाईत असतात, तुम्ही तरी ऐकाल.

मला बांधलं सावळीरामांनी. ते अंबडच्या एका कारखान्यात कामाला होते. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा तो काळ. तेव्हा इथे घरं कमी आणि कांद्याचे वाफेच जास्त होते. माझ्या पायाखालची जमीन काळी, कसदार. पिकाला ती फार चांगली, पण घराच्या जिवाला घोर लावणारी. उन्हाळ्यात आकसते, तडकते, आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. आता वर उभं राहणाऱ्याने करायचं तरी काय? मिस्त्री म्हणाले, पाया खोल घ्या आणि पायाजवळ पाणी मुरू देऊ नका. सावळीरामांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. त्यांच्या पत्नी लंकाबाई पदर खोचून सकाळ-संध्याकाळ माझ्या कोवळ्या भिंतींवर पाणी मारायच्या. नव्या सिमेंटला पाणी मिळालं की ते घट्ट धरतं. "पी बाबा, पोटभर पी," असं त्या मला म्हणायच्या. त्या वयात माझे लाड झाले ते असे.

मग माझे कामाचे दिवस आले. गच्चीवर कुरडया वाळल्या, दारात पाहुण्यांचे जोडे साचले. ग्रहण असलं, अमावस्या आली की गावाकडची माणसं रामकुंडावर स्नानाला यायची आणि माझ्याकडेच उतरायची. पुढच्या खोलीत बाप्ये, मधल्या खोलीत बायका आणि पोरं मिळेल त्या फटीत. त्यांच्या घोरण्याने माझं छत घुमायचं, पण मला ते आवडायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, बंगला टुमदार आहे हो. मी आतून सुखावायचो. सावळीराम सुट्टीच्या दिवशी माझ्याभोवती एक चक्कर मारायचे. कुठे ओल दिसतेय का, कुठे पिंपळाचं रोप उगवलंय का, नळी कुठे गळतेय का, हे ते हाताने चाचपून बघायचे. तो हात फिरला की मला पुढचा आठवडाभर धीर असायचा.

तो हात एके वर्षी थांबला. सावळीराम गेले. त्यांचा मुलगा हर्षल तेव्हा पुण्याला नोकरीत होता. तो लंकाबाईंना तिकडे घेऊन गेला, आणि माझ्या दाराला कुलूप लागलं.

कुलूप लागल्यावर पहिल्यांदा काय होतं माहीत आहे? आवाज ऐकायला कोणी राहत नाही. मागच्या मोरीचा पाइप फुटला आणि पाणी थेंबथेंब माझ्या पायात मुरू लागलं. अधूनमधून भाडेकरू आले, धुणी धुऊन गेले, पण पाइपाकडे कोणी वाकून बघितलं नाही. काळी माती पाणी पीत राहिली. उन्हाळ्यात ती आकसली की स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात मला कळ यायची. आधी केसाएवढी रेघ उमटली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यात नख जाईल एवढी ती रुंदावली. त्या कोपऱ्यावर माझ्या स्लॅबचं ओझं आहे, मित्रांनो. तिथली भिंत खचली तर काय होईल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सावळीराम असते तर त्यांनी आख्खी गल्ली डोक्यावर घेतली असती.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात हर्षल आला तो मला विकायच्या विचाराने. तो वाईट नाही हो, आधी हे सांगून ठेवतो. याच अंगणात तो सायकल शिकला. पण त्याच्याकडे सवड नव्हती. दर शनिवारी पुण्याहून यायचं आणि रविवारी परत पळायचं. त्याने रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्याने भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, बाहेरून सिमेंट फासलं आणि सगळीकडे पिस्ता रंगाचं डिस्टेंपर मारलं. मी एकदम तरणाबांड दिसू लागलो. आत मात्र जीव टांगणीला लागलेला.

त्यातच माझ्या शेजारचा बंगला गेला. माझ्याच वयाचा तो. एका सकाळी पिवळं जेसीबी आलं आणि दुपारच्या जेवणाआधी तो होत्याचा नव्हता झाला. त्याच्या देवघराची निळी भिंत उघड्यावर आली तेव्हा माझ्याने बघवेना. तिथे आता मजल्यांवर मजले चढतायत. ज्यांनी तो पाडला, त्या बिल्डरचा माणूस माझ्याकडेही आला. तो आत आलाच नाही. गुटखा चघळत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला आणि फोनवर म्हणाला, प्लॉट चांगला आहे. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. तेव्हा मी ओळखलं. जो भिंतीला हात लावून बघतो तो राहायला आलेला असतो, आणि जो नुसती जमीन बघतो त्याला मी नकोच असतो.

म्हणून वाल्मीक आणि त्याची माणसं आली, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाल्मीक एसटीत कंडक्टर होता. बायको उज्वला, पहिलीत जाणारी मुलगी स्नेहल आणि म्हातारी आई चिमणाबाई. ही सगळी नाशिकरोडला एका खोलीत दाटीवाटीने राहत होती. त्यांनी मला असं बघितलं, जसं मुलीसाठी स्थळ बघतात. वाल्मीकने बोटांच्या पेरांनी भिंती वाजवल्या, खिडक्या उघडून लावून बघितल्या, गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचतं ते तपासलं. उज्वला ओट्याजवळ उभी राहिली. ओटा तिच्या कमरेला बरोबर आला. मग ती पदर डोक्यावर घेऊन भर उन्हात गल्लीत गेली. समोर देवराम नावाचे रिटायर झालेले गृहस्थ राहतात, त्यांच्या घरी जाऊन तिने पाणी मागितलं आणि पाणी पिता पिता सगळी चौकशी केली. नळ किती वाजता येतो, पावसात गटार तुंबतं का, शाळेची रिक्षा गल्लीत शिरते का, संध्याकाळी बस स्टॉपवरून एकट्या बाईला यायला भीती वाटते का. देवरामांनी खरं तेच सांगितलं. गटार तुंबतं, कुत्री फार आहेत, पण माणसं हाकेला धावून येतात. उज्वला परत आली ती हसतच.

मी मनातल्या मनात म्हणत होतो, घ्या, मला घ्या. तुम्ही घेतलंत तर मी वाचलो.

तेवढ्यात स्नेहल घरभर हुंदडून स्वयंपाकघरात आली. मागच्या कोपऱ्यात जाऊन तिने फतकल मारली. तोच कोपरा. तिने जाहीर केलं की भातुकली इथे मांडायची आणि रात्री आजीजवळ झोपायचं तेही इथेच. चिमणाबाईही तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, इथं गार लागतंय, बरं वाटतंय.

गार लागणारच. पाठीमागे ओल होती.

आतापर्यंत मला एकच भीती होती, मला पाडतील ही. आता दुसरी उभी राहिली, आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती. वरचा स्लॅब मला जड वाटू लागला. मी ओरडून सांगणार कसा? भिंतीला कान असतात म्हणे, पण तोंड कुठे असतं?

वाल्मीकला मी पसंत पडलो. हर्षलही घाईत होता. पुढच्या रविवारी इसार द्यायचा, म्हणजे घर पक्कं केल्याची खूण म्हणून हातावर काहीतरी ठेवायचं, असं दोघांचं ठरत आलं. तेव्हा चिमणाबाई मध्येच म्हणाल्या, "डाळ शिजल्याशिवाय इसार नाही."

हर्षलला काही कळेना. मग वाल्मीकने ओशाळून सांगितलं की ही त्यांच्या घरातली रीत आहे. त्यांचं गाव नांदगावच्या पलीकडे. तिथे पाण्याचे हाल, आणि जे पाणी लागतं तेही जड. जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बायकांचं आयुष्य चुलीसमोर जातं. म्हणून चिमणाबाईंच्या सासूने ठरवून टाकलं होतं, की राहतं घर घ्यायचं असो किंवा मुलीला सासर बघायचं असो, आधी त्या घरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवायची. चिमणाबाईंनी नाशिकरोडची खोलीही डाळ शिजवूनच घेतली होती. हर्षल हसला आणि म्हणाला, शिजवा की मावशी, त्यात काय.

रविवारी त्या आल्या त्या पिशवीत डाळ, पितळेचं पातेलं आणि रॉकेलचा स्टोव्ह घेऊन. उज्वलाने कुकर आणूया म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. कुकरमध्ये काय, दगडही शिजतो, असं त्यांचं मत. नळाचं पाणीही त्यांनी नाकारलं. नळ सगळ्या गावाला सारखाच, घराचं स्वतःचं पाणी बघायचं, म्हणून त्यांनी मागच्या बोअरचं पाणी उपसून घेतलं. मे महिन्याचं वारं सुटलेलं. स्टोव्ह सारखा भडकायचा आणि विझायचा. शेवटी उज्वलाने खिडकी लावली आणि दारही ओढून घेतलं.

पातेल्याला उकळी आली. डाळ वर-खाली नाचू लागली. पण शिजायचं नाव घेईना. माझी बोअर उन्हाळ्यात खोल जाते आणि पाणी जड होतं, हे मला ठाऊक होतं. चिमणाबाई दाणा काढून चिमटीत दाबायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा पाणी घालायच्या. हर्षल घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. स्नेहलने कोपऱ्यात भातुकली मांडून खोटी खोटी डाळ केव्हाच वाढली होती. खोलीत वाफच वाफ झाली. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळू लागलं, आणि ती वाफ माझ्या नव्या रंगात शिरू लागली.

आतून ओल होतीच, आता बाहेरूनही आली. लांबी सुटतेय हे मला जाणवलं. आधी मी घाबरून तिला धरून ठेवायला बघितलं. भेग दिसली तर ही माणसं जातील, आणि मग तो गुटखेवाला येईल. शेजारच्याची ती निळी भिंत माझ्या डोळ्यांसमोर आली. मला जगायचं होतं, मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं. पण खाली बघितलं तर स्नेहल भिंतीला टेकून बसलेली. इवलीशी पाठ, आणि तिच्यामागे ती भेग. माझा सगळा धीर सुटला. पड रे बाबा पोपड्या, पड, मी म्हटलं. तिला दिसू दे.

रंगाला फोड आला, फुगला आणि फुटला. ओंजळभर लांबी खाली आली ती थेट तिच्या भातुकलीत. स्नेहल दचकली. मग वळून भिंतीकडे बघत राहिली आणि तिने बोटं आत घातली.

"आजी, इथे माझा हात जातो," ती म्हणाली.

चिमणाबाईंनी स्टोव्हही विझवला नाही. त्या उठल्या आणि नातीला दंडाला धरून त्यांनी कोपऱ्यातून बाजूला ओढलं. वाल्मीकने भिंत वाजवली. बद्द आवाज आला. तो मागच्या बाजूला गेला, काठीने पायाजवळची माती उकरली, तर काठी चिखलात रुतली. फुटका पाइप त्याला तिथेच सापडला. आत येऊन त्याने हर्षलला शांतपणे सांगितलं की दोन-चार वर्षांपूर्वी पाइप बदलला असता तरी भागलं असतं, आता कोपरा खाली बसतोय, याची पाया उकरून दुरुस्ती करायची तर आपल्याला झेपणार नाही. हर्षल म्हणाला, नुसता गिलावा सुटलाय हो. पण भेगेत बोट घालून बघायला तो पुढे आला नाही.

चिमणाबाईंनी पातेलं उतरवलं. मग त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"पोरा, डाळ शिजली नाय त्याचं काय नाय. जड पाणी मी जन्मभर पिले. पण ही भिंत तुला ठावं व्हती. इथं माझी नात निजणार व्हती."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते फार लागलं. हर्षल ओट्याला टेकला. मग म्हणाला, "मावशी, दिवाळीला आम्ही आलो होतो. माझी आई इथेच झोपली होती. एवढी आत गेली असेल असं वाटलं नाही मला." आणि त्याने तोंड फिरवलं. उज्वलाने त्याला सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी दिलं. चिमणाबाईंनी अर्धीकच्ची डाळ सांडली नाही, डब्यात भरून घेतली. जाताना त्यांनी माझ्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. ज्या घरात राहायचं नाही त्याच्या पाया कोण पडतं? त्या पडल्या.

नंतर देवराम कोणालातरी सांगत होते, की त्या मंडळींनी पाथर्डी फाट्याकडे लहानसं घर घेतलं. तिथेही आधी डाळ शिजवली म्हणे.

हर्षलने ती भेग पुन्हा बुजवली नाही. उरलेली लांबी त्याने स्वतःच खरवडून काढली आणि जो कोणी मला बघायला येईल त्याला आधी मागच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. मला त्याचा अभिमान वाटला आणि धडकीही भरली. कारण भेग बघून एकेक माणूस परत जाऊ लागलं. राहायला येणारे संपले. शेवटी उरला तो बिल्डरचा माणूस, ज्याला भेगेशी काही देणं-घेणं नव्हतं. त्याने तर आत पाऊलही न टाकता सौदा केला.

काल माझी दारं काढून नेली. आज खिडक्यांचे गज काढले. हर्षल लंकाबाईंना घेऊन आला होता. त्यांना आता नीट चालवत नाही. त्यांनी पाणी मारायचा पाइप मागितला. कोणाला काही कळेना. त्यांनी माझ्या पुढच्या भिंतीवर पाणी मारलं, आणि हर्षलने त्यांना अडवलं नाही. उद्या सकाळी पिवळं मशीन येणार आहे.

मित्रांनो, मला खूप भीती वाटते. शहाण्यासारखं बोलावं असं ठरवलं होतं, पण जमत नाही. तुम्हाला दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. तुमच्या घरात कुठे ओल दिसली, कुठे पाणी थेंबथेंब टपकताना ऐकू आलं, तर मोठ्यांना हाताला धरून तिथे न्या. ते म्हणतील, बघू नंतर. तुम्ही हात सोडू नका. घर मोडतं ते वादळाने फार क्वचित, एरवी ते या "बघू नंतर"नेच मोडतं. आणि घराला रंग जरूर द्या, पण आधी त्याचं दुखणं बघा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उद्या मशीनची गंमत बघायला तुम्ही सगळे जमाल, मला माहीत आहे. शेजारचा पाडला तेव्हाही जमला होतात. या, पण समोर देवरामांच्या ओट्यावर उभे राहा, आणि धाकट्यांचे हात धरून ठेवा. माझा मागचा कोपरा आधी जाईल, आणि तो कोणत्या बाजूला पडेल हे मला सांगता येत नाही. माझ्यात आत्ता कोणी नाही. मी पडेन तेव्हा माझ्याखालीही कोणी नको.